रॉबर्ट वील: दोन गोल्डमधे २४ वर्षं. माणूस भारी की खेळच सोपा?

मुळामुठा
कॉमनवेल्थचे जुने निकाल चाळत होतो आणि वेल्सच्या रॉबर्ट वीलपाशी अडकलो. लॉन बोल्सवाला (गवतावर बॉल घरंगळवत छोट्या बॉलच्या जास्तीत जास्त जवळ न्यायचा खेळ). १९८६ ला एडिंबरात फोर्सचं (चौघांच्या टीमचं) गोल्ड, आणि मग थेट २०१० ला आपल्या दिल्लीत सिंगल्सचं, फायनलला ऑस्ट्रेलियाच्या लीफ सेल्बीला हरवून. मधे २००० साली वर्ल्ड इनडोअर सिंगल्स पण मारली. मी तर म्हणतो कुठल्याही खेळातल्या मोठ्या लोकांच्या पंगतीत याचं पान मांडायला हवं. पटतंय का?

खडूस_काका
अजिबात नाही. पन्नाशीकडे झुकलेला माणूस गोल्ड घेऊन जातो म्हणजे त्या खेळात शरीराचा कस लागतच नाही, असाही अर्थ निघतो ना? सचिन पण २४ वर्षं खेळला, पण समोर अक्रमपासून स्टेनपर्यंत सगळे अंगावर येत होते. इथे काय, चार पावलं चालायचं, वाकायचं, बॉल सोडायचा. आणि ८६ चं तर बोलूच नका, ब्रिटनच्या पंतप्रधान थॅचरबाई वर्णभेदी द. आफ्रिकेवर निर्बंध घालेनात म्हणून ३२ देशांनी बहिष्कार टाकलेला, आपण पण गेलो नव्हतो. अर्ध्या रिकाम्या मांडवातलं लग्न ते.

लेगब्रेक
काका मांडव रिकामा होता पण कुठल्या बाजूचा ते बघा की. न आलेले बहुतेक आफ्रिका, आशिया, कॅरिबियनचे. बोल्समधले दादा म्हणजे स्कॉटलंड, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ते सगळे हजर होते. कोणी नव्हतं म्हणायचंच तर द. आफ्रिका, त्यांनी ७६ ला घरच्या वर्ल्ड बोल्समधे सगळी गोल्ड उचलली होती, पण ते १९६१ पासूनच कॉमनवेल्थच्या बाहेर, त्याचा या बहिष्काराशी काय संबंध?

कार्डिफची_मावशी
"बॉल सोडायचा" वाचून हसू आलं 😄 आमच्या गल्लीच्या टोकाला ग्रीन (बोल्सचं मैदान) आहे. तो बॉल पूर्ण गोल नसतोच, एका अंगाला कललेला असतो, सोडला की आधी सरळ जातो आणि वेग कमी झाला की हळूच वळायला लागतो. म्हणजे जॅककडे (तो छोटा पांढरा बॉल) बघून टाकायचाच नाही, बाजूला कुठेतरी टाकायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. एकदा मला टाकायला दिला, माझा वळत वळत शेजारच्या रिंकमधे (खेळायच्या पट्ट्यात) गेला, तिथल्या आजोबांनी न बोलता पायाने थांबवला. आणि सकाळी दंव असताना जेवढा जोर लागतो तेवढाच दुपारी लावला तर बॉल जॅकला ओलांडून पार पुढे. इनडोअरला कार्पेट, त्याचं गणितच निराळं. स्कॉटलंडचं गवत, कार्पेट आणि दिल्लीचं गवत, तिन्हीकडे एकच हात चालला, हे मला त्या २४ वर्षांपेक्षा मोठं वाटतं.

खडूस_काका
अवघड आहे हे मान्य, मावशी. अवघड तर कॅरम पण आहे. पण जो खेळ ऑलिम्पिकला नाही, जेमतेम काही देश मन लावून खेळतात, तिथला राजा म्हणजे गावचा पाटील.

लेगब्रेक
मग कबड्डी ऑलिम्पिकला आहे का? तिथल्यांना पण पाटीलच म्हणणार? आणि २०२२ ला बर्मिंगहॅममधे लवली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया, रूपा राणी तिर्की यांनी फायनलला द. आफ्रिकेला १७-१० हरवलं तेव्हा "ऐतिहासिक!!" म्हणून स्टेटस कोणी ठेवलेलं? तोच खेळ, तेच फोर्स. स्क्रीनशॉट आहे माझ्याकडे.

खडूस_काका
ते आपल्या पोरींचं होतं, त्याची गोष्ट वेगळी.

मुळामुठा
वेगळी कशी बुवा?

खडूस_काका
बरं बाबा. दिल्लीचं पूर्ण देतो, कारण सिंगल्समधे लपायला जागा नसते. ८६ चं अर्धंच, तिथे सोबत तिघं होते. सचिनचं नाव मात्र परत यात ओढायचं नाही.

लेगब्रेक
काका, सचिनला तुम्हीच आणलंत.