जुनी ५० एफ/१.२ लेन्स आणि नवी कॅमेरा बॉडी: पैसे वसूल की नुसती हौस?

खळ्यातला

मागच्या जत्रेत देवळासमोर दशावतार चालू होता. दोन हॅलोजन, एक ट्यूबलाइट, तीही फडफडणारी. माझ्या निकॉन झेड बॉडीवर निकॉनचीच जुनी मॅन्युअल लेन्स होती, निक्कॉर ५० मिमी एफ/१.२ (एफचा आकडा जितका लहान, तितकं अपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, मोठं आणि उजेड जास्त). शेजारी पुण्याहून आलेला एक जण झूम घेऊन उभा होता. लेन्सकडे बघून म्हणाला, "काका, अजून हाताने फोकस करता?" त्यावरून हा धागा.

माझं मत सरळ आहे. बॉडी चार-पाच वर्षांत जुनी होते, लेन्स होत नाही. ही लेन्स १९८१पासून २०२०पर्यंत बनत होती. मी ती आधी फिल्मवर वापरली, मग डीएसएलआरवर, आता मिररलेसवर (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर). यापुढे सोनी घेतला तरी लेन्स तीच राहील. कारण सगळा खेळ माउंटपासून (लेन्स बसते त्या कडीपासून) सेन्सरपर्यंतच्या अंतराचा आहे. या लेन्सच्या निकॉन एफ माउंटला ते ४६.५ मिमी, सोनी ईला १८, निकॉन झेडला १६. मधली मोकळी जागा भरायला काच नसलेली साधी धातूची नळी (अडॅप्टर) पुरते. काच नाही, म्हणजे चित्र बिघडायचं कारणही नाही.

शिवाय एफ/१.२ला एक मऊ धुकट झाक येते. रंगवलेल्या चेहऱ्यावर, मुकुटाच्या चमकीवर ती जी दिसते, ती मला धारदार नव्या लेन्सपेक्षा प्यारी आहे. पैसे असतील तर अशी एक मॅन्युअल लेन्स घ्याच.

अंतरपाट_क्लिक

काका, मान ठेवून विरोध करतो. मी लग्नं शूट करतो. अंतरपाट खाली येतो तो क्षण सेकंदाचाही नसतो. नवरीच्या डोळ्यात पाणी, मामा मध्ये घुसलेले, वर अक्षतांचा मारा. तिथे मी रिंग फिरवत बसलो तर लोक मलाच अक्षता मारतील.

आता हिशेब बघा. ५० मिमी, एफ/१.२, माणूस एक मीटरवर: फुलफ्रेमवर (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरवर) चित्र स्पष्ट दिसतं ते जेमतेम पावणेतीन सेंटीमीटरच्या पट्ट्यात. नाकावर फोकस गेला तर डोळे गेले. मॅग्निफाय केलं तर फ्रेम हातची जाते. पीकिंगवर (स्पष्ट कडा रंगवून दाखवणाऱ्या सोयीवर) विसंबलं तर एवढ्या उघड्या अपर्चरला ते नको तिथे रंग दाखवून फसवतं.

आणि एफ/१.८ची ऑटोफोकस लेन्स किती मागे पडते? सव्वा स्टॉपपेक्षाही कमी (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). म्हणजे आयएसओ ३२००च्या जागी सुमारे ७०००. आजच्या सेन्सरला हे झेपतं. या सव्वा स्टॉपसाठी डोळा ओळखणारा ऑटोफोकस सोडायचा?

खळ्यातला

लग्नासाठी मी कधी सुचवलं? तुमच्या धंद्याला ऑटोफोकसच हवा, तिथे वादच नाही. पण तुम्ही एक मीटरचा हिशेब धरलात. दशावतारात मी दीड मीटरच्या आत कधीच नसतो. तिथे तोच पट्टा साडेसहा सेंटीमीटरच्या आसपास होतो, एफ/२ केलं की अकराच्या जवळ. मी बहुतेक वेळा एफ/२वरच असतो, हेही कबूल करतो.

फोकसची युक्ती अशी: रिंग एकदा लावायची, मग बोटांनी नव्हे, कमरेने फोकस करायचा. जरा पुढे, जरा मागे, तीन फ्रेम. त्यातली एक लागते.

अंतरपाट_क्लिक

एफ/२वरच वापरायची तर १.२चं वजन आणि किंमत कशाला उचलता? हा प्रश्न मनापासून आहे, टोमणा नाही.

अंधारखोली

त्याचं उत्तर मी देतो. एफ/२ची लेन्स एफ/२ला पूर्ण उघडी असते, १.२ची मात्र दीड स्टॉप आवळलेली. त्यामुळे कोपऱ्यांचा अंधार कमी होतो, धार येते. हे खरंच आहे. पण नव्या डिझाइनची साधी एफ/१.८ आणि ही जुनी १.२ दोन्ही एफ/२ला शेजारी ठेवा, कडेला नवीच जिंकेल. जुनी लेन्स तिच्या स्वभावासाठी घ्यायची, धारेसाठी नव्हे. हेलिऑस ४४-२ ही जुनी सोव्हिएत लेन्स लोक का घेतात? मागची पानं भोवऱ्यासारखी फिरलेली दिसतात म्हणून. चांगलं डिझाइन म्हणून कोणी घेत नाही.

आता कोणीच बोललं नाही ते. जुनी वेगवान (मोठ्या अपर्चरची) लेन्स विकत घेताना टॉर्च जवळ ठेवा. मागून प्रकाश मारून पुढून बघा: कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी, दुधाळ पडदा दिसला तर धूसरपणा. अपर्चरच्या पात्यांवर तेल आहे का, रिंग जड किंवा खरखरीत फिरते का, तेही बघा. पेंटॅक्सच्या काही जुन्या टाकुमार ५० एफ/१.४मध्ये थोरियम मिसळलेली काच आहे. ती वर्षांनी पिवळी पडते. अतिनील दिव्याखाली काही दिवस ठेवली की पिवळेपणा बराच उतरतो. घाबरून फेकू नका.

खळ्यातले, तुम्ही कोकणात. जूनमध्ये ही लेन्स ठेवता कुठे?

खळ्यातला

हवाबंद डब्यात, सिलिका जेलसकट. आईचा लाडवांचा डबा होता, तिने अजून माफ केलेलं नाही. आत छोटा आर्द्रतामापक, चाळीस ते पन्नास टक्क्यांत ठेवतो. जेल निळं होतं ते गुलाबी झालं की तव्यावर तापवतो. (स्वयंपाकाचा तवा नव्हे, वेगळा ठेवलाय. ती चूक एकदाच केली.) तरी एक ८५ मिमी बुरशीने घालवलीच. दुरुस्तीवाल्याने पुसली, पण कोटिंगही सोबत गेलं.

नवशिक्या_सातारा

माझ्याकडे निकॉनचा डी५६०० डीएसएलआर आहे. हीच ५० एफ/१.२ चालेल का? आणि स्वस्तातली हेलिऑस?

अंधारखोली

निक्कॉर बसेल, पण त्या बॉडीत मीटर (उजेड मोजणारी सोय) चालणार नाही. मॅन्युअल मोड, हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) बघून उजेड ठरवायचा. त्याहून मोठी अडचण व्ह्यूफाइंडरची. त्याचा पडदा एफ/२.५च्या आसपासच्यापेक्षा उथळ फोकस दाखवतच नाही. तुम्हाला सगळं नीट दिसतं, फोटोत मात्र पुसट. खाली हिरवा ठिपका लागतो तो मदत करतो, पण एफ/१.२ला तेवढ्यावर विसंबू नका. लाइव्ह व्ह्यूत मॅग्निफाय करा.

हेलिऑस निकॉन एफवर घेऊ नका. तिच्या एम४२ माउंटचं अंतर ४५.४६ मिमी, निकॉन एफचं ४६.५. एका मिलिमीटरची बाब, पण उलट बाजूची. साध्या अडॅप्टरने लांबचं काही फोकसच होणार नाही, आणि काचेच्या अडॅप्टरने धार जाते. तीच लेन्स कॅनन ईएफवर (४४ मिमी) किंवा कुठल्याही मिररलेसवर आरामात चालते.

मिल्पिटासकर

मायक्रो फोर थर्ड्सवाले (फुलफ्रेमहून लहान सेन्सरचे मिररलेस वापरणारे) इथे कोणी नाहीत वाटतं. मी फॉइग्टलँडरची २५ मिमी एफ/०.९५ वापरतो. छोटी बॉडी, ०.९५चा उजेड, अजून काय हवं? ५० एफ/०.९५च झाली की ही.

अंतरपाट_क्लिक

नाही झाली. उजेडाच्या हिशेबाने ०.९५च, त्यात वाद नाही. पण दृश्याची चौकट आणि मागचा पुसटपणा बघायचा तर ती फुलफ्रेमवरच्या ५० एफ/१.९सारखी. एका वेळी दोन्ही फायदे मोजू नका.

मिल्पिटासकर

मान्य, पण सोय अशी की शटर ०.९५चंच मिळतं. आमच्या मंडळाच्या गणपतीच्या कार्यक्रमाला तेवढं पुरतं. बॉडी स्थिर ठेवणारी यंत्रणा असेल तर मॅन्युअल लेन्सची फोकल लांबी मेनूत हाताने भरायला विसरू नका. मी एकदा १३५ तसंच ठेवून २५ लावली, सगळे फोटो थरथरलेले.

नवशिक्या_सातारा

म्हणजे मी आत्ता घेऊ नये?

खळ्यातला

आत्ता नको. आधी आहे ती लेन्स मॅन्युअलवर टाकून महिनाभर फिरवा. हाताला सवय लागली तर मिररलेस घेताना बघा. आणि एक: दोन कंपन्यांच्या लेन्सा मिसळल्यात तर निकॉनची रिंग एका बाजूला फिरते, कॅननची उलट. जत्रेत माझा हात अजूनही चुकतो.

अंतरपाट_क्लिक

काका, पुढच्या जत्रेला मी येतो. तुम्ही १.२ हाताने, मी १.८ ऑटोवर. आडदशावतारात (मुख्य आख्यानाआधीच्या भागात) संकासूर नाचायला लागला की कोणाचे फोटो जास्त लागतात ते मोजू.

खळ्यातला

संकासूर तुमचा. तो एका जागी उभा राहत नाही, मी आधीच हरलो. पण आख्यान लागल्यावर राजा बसतो आणि बोलायला लागतो, तो माझा. सतरंजी आणा, खुर्च्या गावकऱ्यांच्या असतात.