आकडे की सारेगम?

पट्ट्यांवर आकड्यांचे स्टिकर लावून पेटी (हार्मोनियम) शिकावी का, असं तुम्ही विचारलंय. पहिला महिनाभर जरूर लावा, पण पुढे काढून टाका. मी नाशिकला पंचवटीत चाळिशीनंतर आकड्यांवरच शिकायला लागलो. पांढरी १ला (पहिल्या पांढऱ्या पट्टीला) सा धरून भूप राग १-२-३-५-६ असा पाठ झाला. मग भजनात गाणाऱ्या काकांनी काळी १चा सूर (म्हणजे सा पहिल्या काळ्या पट्टीवर) मागितला आणि माझा हात थांबला. तिथे तोच भूप काळी १, काळी २, पांढरी ४, काळी ४, काळी ५ असा पडतो. आकडा पट्टीला चिकटलेला असतो, सारेगम मात्र सा बरोबर सरकते.

पुस्तक घेताना स्वरलिपी (सूर लिहायची पद्धत) कोणती ते आधी बघा; संगीतकार भातखंडे आणि पलुस्कर यांच्या दोन वेगळ्या आहेत. भातखंडे पद्धतीत स्वरावर टिंब म्हणजे तार (वरचं) सप्तक, पलुस्कर पद्धतीत तेच टिंब मंद्राचं (खालच्या सप्तकाचं)! कोमल (उतरलेल्या) स्वराला भातखंड्यांची खाली आडवी रेघ, पलुस्करांचा पाय मोडलेला. (पलुस्करांचा रामनाम आधार आश्रम आमच्या पंचवटीतलाच, म्हणून त्यांच्या लिपीवर माझा जीव.) तरी नवख्याला भातखंडेच सोपी. आणि वाजवण्याआधी ओळ तोंडाने म्हणा, हाताने टाळी देत.