एकाच होडीचे सात कागद: तुमचं जलरंगचित्र कुणाच्या बोलण्याने सुधारलं?

काल कपाट आवरताना जुन्या फाइलीत सहा कागद सापडले. सहाही कागदांवर तीच होडी आणि मागे झाडी. सातवा भिंतीवर आहे. पहिल्याच्या पाठीवर सरांच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलंय, "होडी कुठाय?"

तेव्हा रडले होते. दोर, गाठी, फळ्यांच्या रेषा, सगळं काढलं होतं मी! सरांनी कागद भिंतीला टेकवला, मला दहा पावलं मागे नेलं आणि डोळे किलकिले करायला सांगितले. होडी झाडीत विरघळून गेली. हिरवा वेगळा, तपकिरी वेगळा, पण गडदपणा दोन्हीचा एकच.

दुसऱ्यात होडी गडद केली, तिसऱ्यात झाडी फिकट. चौथ्यात आकाश सुकायच्या आत परत हात घातला, फ्लॉवर (पाण्याचा दातेरी कडांचा डाग) उमटला. पाचवा बघून सर म्हणाले, "आता कागद बदलू नकोस. आधी काडेपेटीएवढ्या चौकटीत तीनच टोनमध्ये, म्हणजे फिकट, मधला, गडद, काढून दाखव." तशा अकरा चौकटी काढल्या. सहावा बिनचूक आला, पण त्यात वारा नव्हता. सातवा पंचवीस मिनिटांत झाला.

तुमचेही असे कागद असतील. लिहा ना.

पाणीपेटी
डोळे किलकिले!! आमच्या बाईंचंही हेच. मी हल्ली मोबाइलवर फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट करते, लगेच कळतं. लिंबू पिवळा कितीही घट्ट लावला तरी गडद होत नाही, हे मला त्या फोटोने शिकवलं. बाळ उठलं, बाकीचं नंतर.

नवी_शिकतेय
ताई, चौथ्यात फ्लॉवर का आला? माझ्या प्रत्येक आकाशात येतो.

कोरडा ब्रश
@नवी_शिकतेय, कागद अर्धवट सुकलेला असताना त्याच्याहून ओला ब्रश टेकलास की जास्तीचं पाणी पसरतं आणि रंगाचे कण ढकलत नेतं. कण कडेला जाऊन थांबतात, तीच ती दातेरी रेघ. कागदाची चमक उतरायला लागली की हात काढून घे. पूर्ण सुकू दे, मग पुढचा वॉश (पातळ रंगाचा थर).

आता माझं. एका प्रदर्शनाआधी सगळ्यांना विचारत होतो, "कसं झालंय?" सगळे म्हणाले छान. त्या छानचं करायचं काय? मग प्रश्न बदलला, "नजर आधी कुठे गेली?" पाचपैकी चौघांची कोपऱ्यातल्या वाळत घातलेल्या लाल कपड्यावर! चित्र होतं विहिरीचं. पुढच्या कागदावर तो कपडा मातकट केला, विहीर सापडली.

थॅलोनिळा
लाल कपडा 😄 माझं उलट झालं, चित्र पुसायला गेलो. अल्ट्रामरिन निळा ओल्या ब्रशने बऱ्यापैकी उचलता येतो, थॅलो निळा कागदात मुरतो. घासत बसलो, कागदाचे धागे निघाले. तेव्हापासून रफसुद्धा ३०० ग्रॅमच्या (चौरस मीटरला) जाड कॉटन कागदाच्या तुकड्यांवरच करतो. पातळ कागदावर पाणी वेगळं वागतं, तिथला सराव इथे कामी येत नाही.

पाणीपेटी
पण चांगला कागद घेतला की हात आखडतो त्याचं काय? मी पाठची बाजूही वापरते.

नुसता_वाचक
मला चित्रकलेतलं कळत नाही, पण एक विचारू? मुलगी नऊ वर्षांची आहे. तिने काढलेल्या डोंगरावर मी सावली देऊन दाखवली, तेव्हापासून पेटी उघडत नाहीये. काय करू?

धागाकर्ती
दादा, तिच्या कागदाला हात लावू नका. शेजारी तुमचा कागद घेऊन बसा आणि तुमच्या डोंगरात काय चुकलं ते तिलाच विचारा. सरांनी सात कागदांत एकदाही माझ्या चित्रावर ब्रश टेकवला नाही, लिहिलं तेही पाठीवर. येईल ती परत.

ओलीकाठ
पांढऱ्याबद्दल कुणी बोललंच नाही. मी लखलखाट ठेवायला विसरले आणि शेवटी चायनीज व्हाइट (अपारदर्शक पांढरा जलरंग) लावला, तर गटात एकाने "हे जलरंग नव्हेच" म्हणून झोडपलं. अहो, विन्सर अँड न्यूटनने तो १८३४ साली काढलाय! तरी पाण्यावरची चमक मात्र कोरा कागद सोडूनच खरी दिसते, हे पुढच्या दोन कागदांवर पटलं.

निवृत्त_६८
माझी परीक्षक आमची ही. ब्रश कधी धरलेला नाही. दारातूनच म्हणाली, "पाऊस थांबलाय का हो?" मी तर धो धो पाऊस काढला होता. पाहिलं तर प्रत्येक झाडाची कड कापल्यासारखी. दुसऱ्या कागदावर दूरची झाडं ओल्यावर ओलं, म्हणजे ओल्या कागदावर ओला रंग, अशी सोडली, फक्त जवळच्या खोडाला कड ठेवली. ती काही बोलली नाही, पण खिडकी लावून घेतली.

पाणीपेटी
काका 🙏 खिडकी! @धागाकर्ती, सातवा दाखव ना. पहिला शेजारी ठेवून.

धागाकर्ती
आत्ता दिव्याखाली फोटो पिवळा येतोय. सकाळी खिडकीपाशी काढते. सहावाही ठेवते मध्ये, वारा का नाही ते बघून सांगा.