इटालियनची 'अनियमित आत्मवाचक' क्रियापदं: कोष्टकं पाठ करून घ्यावीत का?

सदाशिवपेठी_सिन्योरा

पुण्यात इटालियन शिकवते. बहुतेक मुलं मिलान नाहीतर तोरिनोला पुढच्या शिक्षणासाठी निघालेली असतात. परवा एकाने दुसऱ्या क्लासच्या नोट्स दाखवल्या. शीर्षक 'अनियमित आत्मवाचक क्रियापदे' (आत्मवाचक म्हणजे क्रिया करणाऱ्याकडेच वळते अशी), खाली पानंच्या पानं कोष्टकं. तोल्येर्सि (अंगावरचं काढणं), तेनेर्सि, फार्सि, सेदेर्सि (बसणं), सगळी सहाही पुरुषांत चालवलेली. पोराला ती पाठ करायला सांगितली होती.

माझं स्पष्ट मत: असा वर्ग अस्तित्वातच नाही. अनियमितपणा मूळ क्रियापदाचा असतो आणि आत्मवाचकपणा पुढच्या सर्वनामाचा. तॉल्येरे म्हणजे काढणं. त्याची रूपं तॉल्गो, तॉल्यि, तॉल्ये, तोल्यामो, तोल्येते, तॉल्गोनो. ही कुठेतरी शिकावी लागतातच. एकदा आली की पुढे मि, ति, सि, चि, वि, सि लावा: मि तॉल्गो ले स्कार्पे, मी बूट काढतो. संपलं. फारेचं (करणं) फाच्चो येत असेल तर 'मि फाच्चो ला दोच्चा' (आंघोळ करतो) साठी वेगळं पान कशाला?

मुलं अडकतात ती भलतीकडेच. कोट हँगरला लावला तर 'ओ मेस्सो', पण तोच अंगात चढवला तर 'मि सोनो मेस्सो'. आत्मवाचक सर्वनाम आलं की भूतकाळात आवेरे (जवळ असणं) हे सहायक क्रियापद जातं आणि एस्सेरे (असणं) येतं: ओ जाऊन सोनो. दुसरी जागा 'मला उठायला हवं'. दहातली आठ मुलं 'देवो आल्त्सार्सि' म्हणतात, कारण शब्दकोशात आल्त्सार्सि असं छापलेलं असतं. हवं 'देवो आल्त्सार्मि'. वर्तमानकाळाचं कोष्टक कितीही घोका, त्यात ही जागा दिसतच नाही.

तुम्ही कसे शिकलात, आणि कोष्टकांचा खरंच उपयोग झाला का?

बेर्गामोकर

साफ असहमत, सिन्योराताई.

'सर्वनाम लावा, संपलं' हे पुस्तकात ठीक आहे. आन्दार्सेने (निघून जाणं) घ्या. मे ने वादो, ते ने वाइ, से ने वा, चे ने आन्द्यामो, वे ने आन्दाते, से ने वान्नो. इथे तुमचं 'मि' गेलं, 'मे' आलं. वादो, वाइ, वा हे आन्दारेचं अनियमित प्रकरण वेगळंच. आज्ञार्थात 'वात्तेने', मध्ये एक त जास्तीचा कुठून आला ते आधी समजवा. भूतकाळात 'मे ने सोनो आन्दातो', आणि बाई निघून गेली असेल तर 'से नॅ आन्दाता'. आता सांगा, वर्ग अस्तित्वात नाही?

आणि मूळ क्रियापद म्हणता, तर आक्कॉर्जेर्सिचं (लक्षात येणं) मूळ कुठंय? नुसतं 'आक्कॉर्जेरे' आजच्या बोलण्यात कोणी वापरत नाही. पेन्तिर्सि (पश्चात्ताप होणं) तसंच.

मी इथे उत्तर इटलीत, बेर्गामोला वर्कशॉपमध्ये लागलो तेव्हा इटालियन जवळजवळ शून्य होतं. लाइनवरचा माणूस पलीकडून ओरडतो, तेव्हा धातू कोणता, सर्वनाम कोणतं, अपवाद कोणता हा हिशेब करायला वेळ नसतो. सात आठे छप्पन्न म्हणताना कोणी सात आठ वेळा बेरीज करत बसत नाही. कोष्टक पाठ होतं म्हणून तोंडातून आलं.

शास्त्रीबुवा

बेर्गामोकरांना +१. आम्ही रामः रामौ रामाः घोकलं, अर्थ नंतर कळला, आणि काही बिघडलं नाही. हल्लीच्या शिक्षकांना घोकंपट्टी शब्दाचीच ॲलर्जी आहे.

इटालियनमध्ये मला गती नाही, पण हे सगळं वाचून आपलं आत्मनेपद आठवलं. यजति म्हणजे ऋत्विज दुसऱ्यासाठी यज्ञ करतो, यजते म्हणजे यजमान स्वतःसाठी करतो. तेच दिसतंय.

सदाशिवपेठी_सिन्योरा

शास्त्रीबुवा, उदाहरण सुरेख, पण ते माझ्याच बाजूचं आहे. आत्मनेपदात प्रत्यय बदलतो, त्यामुळे तिथे वेगळं कोष्टक हवंच. इटालियनमध्ये क्रियापदाचा प्रत्यय जागचा हलत नाही. लावो (मी धुतो), मि लावो (मी स्वतःला धुतो). 'लावो' तोच.

बेर्गामोकर, तुमचे मुद्दे एकेक घेते.

मिचं मे होणं हे आन्दार्सेनेचं वैशिष्ट्य नाही. 'ने' किंवा 'लो' त्याच्या लगेच नंतर आलं की ते सगळीकडे होतं. 'मे लो दाइ?' (मला ते देतोस?) यात आत्मवाचक काहीच नाही, तरी मे आहे.

वात्तेनेतला जास्तीचा त: वा, फा, दा, दि, स्ता या एकाक्षरी आज्ञार्थांना सर्वनाम चिकटलं की व्यंजन दुप्पट होतं. दाम्मि (मला दे), दिम्मि (मला सांग) हे पहिल्या महिन्यात शिकवतोच ना आपण? वात्तेने, फात्ति त्याच माळेतले.

आक्कॉर्जेर्सिही अनाथ नाही. स्कॉर्जेरेचं (दिसणं, नजरेस पडणं) स्कॉर्तो, पॉर्जेरेचं (पुढे करणं) पॉर्तो, तसं आक्कॉर्तो. घराणं एक आहे. ते दाखवलं की तिन्ही एकदम येतात.

म्हणजे तुम्ही दिलेलं प्रत्येक उदाहरण दुसऱ्याच कुठल्यातरी सर्वसाधारण नियमाचं निघालं.

बेर्गामोकर

ताई, तुम्ही आत्ता एका 'वात्तेने'साठी चार नियम मोजलेत: आन्दारेची अनियमित रूपं, आज्ञार्थात सर्वनाम मागे चिकटणं, 'मि'चं 'मे' तसंच 'ति'चं 'ते' होणं, व्यंजन दुप्पट होणं. प्रत्येक नियम खरा आहे, ना नाही. पण बोलणाऱ्याला ते एकाच श्वासात लावायचे असतात. जिथे चार नियम एकमेकांवर येऊन बसतात ती जागा वेगळी शिकवायची. तिला वर्ग म्हणा, नका म्हणू.

आणखी एक. नागरिकत्वासाठी लग्नावरून किंवा वास्तव्यावरून अर्ज करायचा तर 2018 च्या कायद्यापासून बी-१ (मध्यम) पातळीचं इटालियनचं प्रमाणपत्र लागतं, काही सवलती सोडून. स्येना किंवा पेरूजाच्या विद्यापीठाची परीक्षा देणारा आपला माणूस दिवसभर कामावर असतो. त्याला घराणी-बिराणी नकोत. त्याला मि सोनो मेस्सो, मि सोनो तॉल्तो, मि सोनो रेसो कोन्तो (माझ्या ध्यानात आलं), मि सोनो आक्कॉर्तो अशी एक यादी द्या, बसमध्ये म्हणत जाईल.

सदाशिवपेठी_सिन्योरा

ही यादी मला चालेल! तुम्हीच दिलेली चारही रूपं भूतकाळाची आहेत, एस्सेरेसकट. माझं भांडण वर्तमानकाळाच्या त्या पानंच्या पानं कोष्टकांशी आहे.

पालेर्मोची_सून

तुम्ही दोघं उत्तरेच्या इटालियनवर भांडताय म्हणून बोलते. आमच्याकडे सिसिलीत सासूबाई कालपरवाची गोष्टसुद्धा पास्सातो रेमोतोमध्ये (दूरचा भूतकाळ, ज्यात सोनो-ओ लागत नाही) सांगतात. उत्तरेत तो काळ बहुतेक पुस्तकातच राहिलाय, इथे स्वयंपाकघरात आहे. आणि तिथे ताईंचं 'मूळ क्रियापद येतं तर सगळं येतं' मला पुरलं नाही, कारण मूळ क्रियापदच अर्ध्यात वाट बदलतं.

मि मीसि, ति मेत्तेस्ति, सि मीसे, चि मेत्तेम्मो, वि मेत्तेस्ते, सि मीसेरो.

बघा, पहिला, तिसरा आणि सहावा वाकडा. बाकीचे तीन सरळ. आक्कॉर्जेर्सि तसंच: मि आक्कॉर्सि, पण ति आक्कोर्जेस्ति. हा १-३-६ चा ठेका कानात बसायला मला मोठ्याने म्हणावंच लागलं, अगदी शास्त्रीबुवा म्हणतात तसं.

सेदेर्सि तर धड कुणाचंच ऐकत नाही. वर्तमानात स्येदो, स्येदि, स्येदे, पण सेद्यामो, सेदेते, आणि परत स्येदोनो. जोर मुळावर पडला की स्ये, सरकला की से. भविष्यकाळात मात्र मि सेदेरो आणि मि स्येदेरो दोन्ही चालतात, शेवटच्या ओवर जोर देऊन. आमच्या घरात दोन पिढ्या दोन प्रकारे म्हणतात.

(विषयांतर: इथे 'मि मांजो ऊना पीत्सा' असंही सर्रास म्हणतात. पिझ्झा स्वतःला खात नाही, मीही स्वतःला खात नाही, नुसतं 'मस्त हाणतो' असा भाव. परीक्षेत लिहू नका, जेवताना जरूर म्हणा.)

नवखा_विद्यार्थी

सगळं वाचतोय. एक शंका. 'मि सोनो लावातो ले मानि' (मी हात धुतले) मध्ये लावातो. पण 'हात? धुतले' म्हणताना 'मे ले सोनो लावाते'. आधी माझ्याप्रमाणे पुल्लिंगी एकवचन, मग एकदम हातांप्रमाणे स्त्रीलिंगी अनेकवचन. नक्की कुणाचं ऐकायचं?

सदाशिवपेठी_सिन्योरा

हे मराठी माणसाला तर आयतं यायला हवं. 'मी उठलो, ती उठली' इथे क्रियापद कर्त्याप्रमाणे. 'मी हात धुतले, मी साडी धुतली' इथे कर्माप्रमाणे. भूतकाळात क्रियापद कधी कर्त्याकडे, कधी कर्माकडे बघतं, ही सवय आपल्याला जन्मापासून आहे. इंग्रजीवरून इटालियन शिकणाऱ्याला ही कल्पनाच नवी असते. तुझ्यासाठी नियम एवढाच: 'ते' अर्थाचं ले क्रियापदाच्या आधी आलं की त्याच्याप्रमाणे, नाहीतर कर्त्याप्रमाणे.

बेर्गामोकर

आयतं? उलट इथेच मराठी माणूस घसरतो! मराठी कान 'हात धुतले' ऐकतो म्हणून पहिल्याच वाक्यात 'मि सोनो लावाते ले मानि' करून मोकळा होतो. जुन्या लिखाणात तसं सापडेलही, पण आजच्या बोलण्यात पुरुषाने लावातो आणि बाईने लावाता. मातृभाषेची मदत होते हे खरं, पण ती कुठल्या पायरीवर दगा देते तेही शिकवा की. आपल्याकडेच 'ती धडा शिकली', 'तो पाणी प्यायला' ही कर्म असून कर्त्याच्या मागे जाणारी क्रियापदं आहेत. तुलना करायचीच तर तिथून करा. 'मि सोनो लावातो'ला तीच जवळची.

सदाशिवपेठी_सिन्योरा

'ती धडा शिकली' हे उदाहरण उद्याच वर्गात वापरते. हे झकास आहे.

पालेर्मोची_सून

मराठीचा आणखी एक दगा. 'मी बसले आहे' हे आपण दोन्हीला म्हणतो, नुकतीच बसले तरी आणि तासभर बसलेली असले तरी. इथे 'मि सोनो सेदूता' म्हणजे बसण्याची क्रिया केली आणि 'सोनो सेदूता' म्हणजे बसलेली आहे. सर्वनाम गाळलं की क्रिया गेली, नुसती स्थिती उरली. दवाखान्यात 'सि आक्कॉमोदि' (बसून घ्या) ऐकल्यावर मी खुर्चीतूनच 'मि सोनो सेदूता' म्हणाले होते. नर्सने परत एकदा खुर्ची दाखवली.

शास्त्रीबुवा

कोष्टक पाठ असतं तर ही वेळ आली नसती.

पालेर्मोची_सून

बुवा, कोष्टक पाठ होतं. त्यात 'मि सोनो सेदूता' होतं म्हणूनच ते तोंडातून आलं!

नवखा_विद्यार्थी

शेवटची शंका, मग अभ्यासाला बसतो. 'मला उठावं लागलं' यासाठी एका पुस्तकात 'ओ दोवूतो आल्त्सार्मि' आहे आणि दुसऱ्यात 'मि सोनो दोवूतो आल्त्सारे'. चूक कोणतं?

बेर्गामोकर

दोन्ही बरोबर. सर्वनाम मागे चिकटलं तर आवेरे, पुढे आलं तर एस्सेरे. आधी 'ओ दोवूतो आल्त्सार्मि' पक्कं कर. त्यात बाई-पुरुष बघावं लागत नाही.

सदाशिवपेठी_सिन्योरा

मी दुसरं आधी शिकवते. 'मि सोनो' एकदा जिभेवर बसलं की भूतकाळातली अर्धी आत्मवाचकं त्याच्यामागे येतात. पहिलं सोपं आहे म्हणून मुलं त्यालाच धरून बसतात आणि मग 'ओ आल्त्सातो मि' असलं काहीतरी निघतं.

बेर्गामोकर

ते 'ओ आल्त्सातो मि' मी इथे कुणाच्याही तोंडून ऐकलेलं नाही, ताई. ते तुमच्या वर्गात तयार होतं.