मदत हवी आहे: क्यूजीआयएसमध्ये (नकाशांचं सॉफ्टवेअर) बसवलेला जुना रंगीत नकाशा १४० मीटर सरकतोय

नमस्कार मंडळी,

माझ्या आजीचं माहेर उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलं. वाडी, पाणवठा, मळ्याकडची वाट नेमकी कुठे होती हे तिला आजच्या उपग्रहचित्रावर दाखवायचंय. भारतीय सर्वेक्षण विभागाचा धरणाआधीचा एक इंचाला एक मैल प्रमाणाचा रंगीत नकाशा मिळाला. तो ३०० डीपीआयवर स्कॅन करून घेतला.

जिओरेफरन्सरमध्ये (स्कॅन केलेला नकाशा खऱ्या जागी बसवणारं साधन) दर ५ मिनिटांच्या अक्षांश-रेखांशांचे सगळे १६ छेदबिंदू घेतले. नकाशाच्या कडेवरची अंश-मिनिटं वाचून हाताने भरली. टार्गेट ईपीएसजी ४३२६ (अक्षांश-रेखांश कोणत्या पद्धतीचे, ते सांगणारा क्रमांक), ट्रान्सफॉर्मेशन पॉलिनॉमियल १ (सगळा नकाशा एकसारखा फिरवून-ताणून बसवणारं). सरासरी चूक २ पिक्सेल, म्हणजे जमिनीवर जेमतेम ११ मीटर. फार आनंद झाला.

पण पळसदेवचं जुनं मंदिर पाणी ओसरलं की उघडं पडतं. त्या दिवसांतल्या उपग्रहचित्रावर नकाशा ठेवला, तर नकाशातलं देवळाचं चिन्ह सुमारे १४० मीटर आग्नेयेला! टेकड्यांचे माथेही त्याच दिशेला, तेवढेच सरकलेले. थिन प्लेट स्प्लाइन (नकाशा जागोजागी वाकवून बसवणारी पद्धत) करून पाहिलं. चूक जवळपास शून्य दाखवतं, पण नकाशा जागचा हलत नाही. एवढ्याशा वाडीत १४० मीटर म्हणजे आजीचं घर दुसऱ्याच्या वावरात. हाताने ओढून जुळवता येईल, पण मग मी तिला जे दाखवेन त्यावर माझाच भरवसा राहणार नाही. कारण कळायला हवं.

शिवाय स्कॅनची फाइल २५६ रंगांची आहे. क्यूबिक रीसॅम्पलिंग (नकाशा बसवताना शेजारच्या पिक्सेलांवरून नवे पिक्सेल काढणं) केलं की तपकिरी समोच्च रेषांच्या कडेला भलतेच रंग उमटतात.

प्रतिसाद:
ताई, तुमचे बिंदू बरोबर आहेत, पण ती अंश-मिनिटं जीपीएसची नाहीत. हे नकाशे एव्हरेस्ट स्फिरॉइडवर (पृथ्वीचा मोजणीसाठी धरलेला जुना आकार), मध्य प्रदेशातल्या कल्याणपूरला मूळ धरून केलेले. ४३२६ म्हणजे डब्ल्यूजीएस ८४, जीपीएस वापरतं ती पद्धत. तुमच्या भागात दोन्हींत साधारण १०० मीटर दक्षिणोत्तर आणि ९० मीटर पूर्वपश्चिम फरक पडतो. तुमचे १४० मीटर तेच.

टार्गेट ईपीएसजी ४१४६ (हीच कल्याणपूरची पद्धत) निवडा आणि आकडे नव्याने भरा. बिंदूंची जुनी फाइल उघडू नका, तिच्यात ४३२६ नोंदलेलं असू शकतं. पुढे रूपांतराचा पर्याय विचारला, तर २९५, ७३६, २५७ मीटरवाला घ्या (दोन पद्धतींमधलं तीन दिशांतलं सरकणं). शेवटी वार्प (एका पद्धतीतून दुसरीत नेणं) करून ईपीएसजी ३२६४३ मध्ये, म्हणजे तुमच्या भागाच्या मीटरमधल्या पद्धतीत, जतन करा. पॉलिनॉमियल १ च ठेवा. स्प्लाइन प्रत्येक बिंदूतून जबरदस्तीने जातं, त्यामुळे तिथली शून्य चूक काहीच सांगत नाही.

रंगांसाठी आधी ‘पीसीटी टू आरजीबी’ (रंगक्रमांकांचे खरे रंग करणारं साधन) चालवा. २५६ रंगांच्या फाइलमध्ये पिक्सेलला रंग नसतो, रंगाचा क्रमांक असतो, आणि क्यूबिक त्या क्रमांकांचीच सरासरी काढतं.

धागाकर्ती:
जमलं! देऊळ आता १५ मीटरच्या आत आहे, रंगही स्वच्छ. मनापासून आभार.

या नकाशात वाडी दिसते, पण घरं-बांध नाहीत. त्यासाठी भूमी अभिलेखचा जुना गावनकाशा काढलाय. त्यावर अक्षांश-रेखांश अजिबात नाहीत. तीन गावांच्या शिवा मिळतात ते बिंदू धरून तो या नकाशावर बसवता येईल का? कोणी केलंय का असं?