ईएन २४ च्या शाफ्टवर ग्राइंडिंगशिवाय चांगला फिनिश कसा आणावा?

हिंगणघाट_लेथ:
नमस्कार मंडळी. हिंगणघाटजवळच्या गावात माझे लहान वर्कशॉप असून कापसाचा हंगाम सुरू झाला की जिनिंगच्या गिअरबॉक्सचे शाफ्ट नव्याने करून देण्याचे काम बरेच येते. माल ईएन २४ चा (निकेल-क्रोम-मॉलिब्डेनमचे मिश्र पोलाद), टी कंडिशनमधला, म्हणजे कडक करून टेंपर केलेला असतो. बेअरिंगची आणि ऑइल सीलची जागा ४५ मि.मी. व्यासाची असते. माझा लेथ जुना, पट्ट्याचा आहे. मी २८० आरपीएम, ०.२ मि.मी. फीड (एका फेऱ्यात टूल सरकते ते अंतर) आणि ०.४ मि.मी. नोज रेडियसचे (टोकाच्या गोलाईचे) कार्बाइड इन्सर्ट, म्हणजे टूलवर बसवायची बदलती धार, वापरतो. शेवटचा काप केसभरच, म्हणजे ०.०५ मि.मी. इतका घेतो. तरीही पृष्ठभाग ओरबाडल्यासारखा, मधूनमधून ठिपके पडलेला निघतो. एमरी पेपर लावून तो चमकतो खरा, परंतु गिऱ्हाइकाकडे सीलमधून तेल झिरपते. ग्राइंडिंगसाठी जॉब नागपूरला पाठवायचा म्हटले की चालू हंगामात जिनिंगवाले तेवढे थांबत नाहीत. लेथवरच काय सुधारता येईल?

वर्धेकर:
आपण दिलेल्या आकड्यांतच बरेचसे उत्तर आहे. ४५ मि.मी. व्यासाला २८० आरपीएम म्हणजे कटिंग स्पीड मिनिटाला सुमारे ४० मीटर होते. एवढ्या कमी वेगात कार्बाइडच्या धारेवर पोलादाचा थर चिकटून बसतो आणि परातीला चिकटलेले पीठ खरवडताना निघावे तसा तुकड्यातुकड्यांनी निघून जॉबवर ठिपके सोडतो. वेग वाढवला की हा थर टिकत नाही. ८०० आरपीएम मिळत असेल तर स्पीड ११० मीटरच्या पुढे जाते आणि फरक डोळ्यांना दिसतो.

दुसरी बाब फीडची. टूलच्या खुणांची उंची साधारणपणे फीडचा वर्ग भागिले नोज रेडियसची आठ पट इतकी येते. ०.२ फीड आणि ०.४ रेडियस असेल तर ती १२.५ मायक्रॉन भरते, ०.१ फीड आणि ०.८ रेडियस घेतल्यास १.६ मायक्रॉनच्या आसपास उतरते. मात्र मशिन हलके असेल किंवा शाफ्ट बारीक आणि लांब असेल तर ०.८ रेडियसने लहरी (कंपनाच्या खुणा) उठण्याचा संभव असतो, म्हणून आधी टूल टूलपोस्टमध्ये शक्य तितके आखूड धरावे, क्रॉस स्लाइडची गिब पट्टी (सैलपणा काढणारी पट्टी) आवळावी आणि टेलस्टॉकला रिव्हॉल्व्हिंग सेंटर द्यावे.

केसभर कापाची सवय तर सोडूनच द्यावी. ज्या इन्सर्टची धार किंचित गोल असते, ते ०.०५ मि.मी. कापत नाही, नुसते घासते. शेवटचे दोन काप सारख्याच खोलीचे, प्रत्येकी ०.२ ते ०.२५ मि.मी. ठेवावेत. पहिल्यानंतर मायक्रोमीटरने मोजून दुसऱ्यात दुरुस्ती केली, तर दोन्ही वेळा टूलवरचा दाब तेवढाच राहतो आणि माप हुकत नाही. मोजण्यापूर्वी जॉब थंड होऊ द्यावा: ४५ मि.मी. चा शाफ्ट ३० अंशांनी तापलेला असेल तर तो सुमारे १६ मायक्रॉन मोठा दिसतो, आणि बेअरिंगच्या के ६ फिटची (शाफ्ट मूळ मापापेक्षा किंचित मोठा ठेवण्याच्या प्रमाणाची) सगळी मुभाच २ ते १८ मायक्रॉन एवढी आहे.

जुना_टर्नर_पुलगाव:
वर्धेकरांचे गणित बरोबर आहे, पण पट्ट्याचा जुना लेथ ८०० वर पळवताना हेडस्टॉकच्या बेअरिंगची अवस्था आधी पाहावी. शिवाय संध्याकाळी व्होल्टेज पडले की मोटर दम टाकते आणि काप मधेच मंदावतो. अशा मशिनवर मी कार्बाइडने रफिंग करून फिनिशिंग एचएसएसच्या (हाय स्पीड स्टीलच्या) टूलने करतो. १०० आरपीएम, म्हणजे मिनिटाला सुमारे १४ मीटर, आणि ब्रशने लावलेले गंधकयुक्त कटिंग ऑइल पुरेसे होते. टूलची धार सरळ ठेवून ती २० ते ३० अंश तिरकी उभी करावी, म्हणजे एका वेळी धारेचा एकच बिंदू जॉबला टेकतो आणि कापसाच्या तंतूसारखा बारीक कीस निघतो. हे टूल मात्र ०.०२ ते ०.०५ मि.मी. एवढाच काप घेते. धार ऑइलस्टोनने पाजलेली असली पाहिजे. खांद्यापर्यंत ते नीट पोहोचत नाही, एवढी त्याची मर्यादा आहे.

अकोला_मेंटेनन्स:
तेल झिरपण्याचे कारण वेगळे आहे, असे मला वाटते. टर्निंगच्या खुणा शाफ्टभोवती आट्यांसारख्या फिरत जातात. त्यांची दिशा आणि शाफ्ट फिरण्याची दिशा जुळली की सीलच्या ओठाखालून तेल बाहेर ढकलले जाते. त्यामुळे नुसती चमक पुरत नाही. सीलच्या जागी खडबडीतपणा ०.२ ते ०.८ मायक्रॉन असावा आणि खुणा आडव्या, सरळ वर्तुळाकार असाव्यात. एमरी पट्टी पुढेमागे सरकवली की आटे पुन्हा तयार होतात, म्हणून ती एकाच जागी धरावी. पट्टी लाकडी फळीला लावूनच धरावी, बोटांना गुंडाळू नये. बेडवर कापड अंथरावे, नाहीतर एमरीचा कण स्लाइडमध्ये शिरून मशिनच खाऊन टाकतो.

हिंगणघाट_लेथ:
सर्वांचे आभार. सीलच्या जागी मी एमरी आतापर्यंत पुढेमागेच फिरवत आलो आहे. कूलंटविषयी विचारायचे राहिले: आमच्या बोअरच्या पाण्यात सोल्युबल ऑइल (पाण्यात मिसळायचे कूलंटचे तेल) मिसळले की वर साय धरते आणि मशिनवर पांढरा थर बसतो.

वर्धेकर:
पाणी कठीण असल्याने तेल त्यात फुटते. गावातल्या आरओचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी घ्यावे, आणि पाण्यात तेल ओतावे, तेलात पाणी नव्हे. एका भागाला वीस भाग पाणी पुरते. कार्बाइडवर कूलंट सोडायचे तर सलग धार सोडावी, अन्यथा कोरडेच चालवावे, कारण थांबून थांबून शिंतोडे मारल्यास इन्सर्टला बारीक तडे जातात.