छोट्या लेथवर लाकूड कातायला सुरुवात: आधी चक घ्यावा की नवी हत्यारे?

पडवीतली सुतारीण:

नमस्कार. गेल्या महिन्यात ओळखीच्या एका गृहस्थांकडून मी लाकूड कातण्याचा एक जुना, छोटा लेथ विकत घेतला. त्यावर जास्तीत जास्त 10 इंच व्यासाचे आणि 18 इंच लांबीचे लाकूड बसते, मोटर अर्ध्या अश्वशक्तीची आहे आणि पट्टा एका खाचेतून दुसऱ्या खाचेत सरकवून वेग बदलावा लागतो. सर्वांत कमी वेग मिनिटाला 500 फेऱ्यांचा, तर सर्वांत जास्त 3800 फेऱ्यांचा आहे. पुण्यात तळमजल्यावरील आमच्या घराच्या मागच्या पडवीत तो मी बसवला आहे. लेथसोबत कार्बन पोलादाच्या आठ हत्यारांचा एक संचही मिळाला.

पहिली वस्तू म्हणून लाटणे करायला घेतले. आकार कसाबसा आला, पण पृष्ठभाग मांजराने ओरबाडल्यासारखा खरखरीत झाला आणि तो गुळगुळीत करण्यात पॉलिशपेपरचे चार ताव संपले. शिवाय मधूनच हत्यार लाकडात अडकते, जोराचा झटका बसतो आणि लाकडावर खोल चर पडतो. एकदा तर लाकूड निसटून भिंतीवर आदळले. तेव्हापासून लेथ चालू करताना माझा हात थोडा कापतो, हे मान्य करते.

माझ्याजवळ खर्चासाठी साधारण दहा हजार रुपये आहेत. त्यांत वाट्या कातण्यासाठी चार जबड्यांचा चक (लाकूड आवळून धरणारी लेथवरची पकड) घ्यावा, की चांगल्या पोलादाची हत्यारे घ्यावीत? सरावासाठी कोणते लाकूड वापरावे, आणि तयार लाटण्याला शेवटी काय लावावे, हेही सांगावे.

जुना टूलरूमवाला:

ताई, आधी एक कबुली देतो. मी 31 वर्षे धातूच्या लेथवर काम केले आणि निवृत्तीनंतर लाकडाचा लेथ घेतला, तेव्हा हे काम आपल्याला आधीपासूनच येते अशा गुर्मीत होतो. पहिल्याच दिवशी ती उतरली. धातूच्या लेथवर हत्यार टूलपोस्टमध्ये घट्ट आवळलेले असते आणि चाक फिरवून आपण ते पुढे सरकवतो. लाकडाच्या लेथवर टूलपोस्ट म्हणजे आपलेच दोन हात आणि कंबर, त्यामुळे हत्याराची धार कशी आहे आणि ते आपण कसे टेकवले आहे, यावरच सगळे काम अवलंबून असते.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की तूर्त चकही घेऊ नका आणि हत्यारेही घेऊ नका. ग्राइंडर घ्या. आठ इंची चाकाचा, मिनिटाला साधारण 1440 फेऱ्यांचा ग्राइंडर मिळाला तर उत्तम. 2800 फेऱ्यांचाही चालतो, पण त्यावर नवख्या माणसाकडून पोलाद लवकर तापते. राखाडी चाक काढून त्या जागी 80 नंबरचे पांढरे ॲल्युमिनियम ऑक्साइडचे चाक बसवा. कार्बन पोलाद घासताना धारेवर निळा रंग चढला की तेवढ्या भागाचे पाणी उतरले, म्हणजे कडकपणा गेला, असे समजावे आणि तो भाग घासून काढावा. हायस्पीड स्टीलला (तापले तरी कडक राहणाऱ्या पोलादाला) ही भीती जवळजवळ नसते आणि त्याची धारही बराच जास्त वेळ टिकते. परंतु धार लावण्याचा हात बसेपर्यंत तुमचा जुना संचच झिजू द्या, कारण या काळात पुष्कळ पोलाद वाया जाते.

कोनांबाबत फार काथ्याकूट करू नये. रफिंग गाऊजला (चौकोनी लाकूड गोल करायच्या पन्हाळीसारख्या हत्याराला) 45 अंश आणि वाट्यांसाठीच्या बाऊल गाऊजला 55 अंशांच्या आसपास, एवढे ध्यानात ठेवले तरी काम चालते. महत्त्वाचे हे की तोच कोन दर वेळी तसाच मिळाला पाहिजे. त्यासाठी ग्राइंडरसमोर टेकण्याची एक पक्की फळी बसवा आणि कोन ठरवायला लाकडाचा एक ठोकळा कापून ठेवा. धारेमागचा उतार मार्करच्या शाईने रंगवून हत्यार चाकाला अलगद लावा आणि शाई कुठे निघाली ते पाहा. फक्त टोकाशी निघाली असेल तर दांडा जरा खाली घ्या, फक्त मागे निघाली असेल तर वर घ्या. सगळीकडे सारखी निघाली की कोन जुळला.

आता झटक्याविषयी. फिरत्या लाकडाला धार कधीही आधी लावू नये. हत्यार प्रथम टूलरेस्टवर, म्हणजे लाकडासमोरच्या आधारपट्टीवर, टेकवावे, मग धारेमागचा उतार लाकडावर नुसता घासू द्यावा आणि त्यानंतर दांडा हळूहळू वर उचलत धार लाकडात उतरवावी. उताराचा आधार असेपर्यंत धार ठरवलेल्या खोलीपेक्षा आत जाऊ शकत नाही. आधार सुटला की लाकूड स्वतःच हत्यार आत ओढून घेते आणि तुम्ही म्हणता तो झटका बसतो. लाटण्यावर काम नेहमी जाड भागाकडून बारीक भागाकडे करावे, म्हणजे लाकडाचे तंतू खालच्या तंतूंच्या आधारावर कापले जातात. उलट दिशेने गेल्यास ते उचकटतात, आणि तुमच्या लाटण्यावरचे ओरखडे बहुधा त्यातूनच आले असावेत.

उंचीही तपासा. लेथचा मध्य तुमच्या कोपराच्या पातळीत यायला हवा. बुटक्या टेबलावर लेथ ठेवून वाकून काम केले, तर तासाभरात खांदे भरून येतात आणि मग हात चुकतो.

अस्सल माळकरी:

वरील सगळे पटते, फक्त सुरक्षेबाबत टूलरूमवाले घाईने पुढे गेले असे वाटते. लाकूड निसटून भिंतीवर आदळले ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. साधा चष्मा किंवा गॉगल पुरत नाही. हनुवटीपर्यंत चेहरा झाकणारे पारदर्शक फेसशील्डच हवे. लेथवर हातमोजे घालू नयेत, कारण हातमोज्याचे टोक अडकले तर त्याबरोबर हातही ओढला जातो. ओढणी, पदर, लांब बाही, मोकळे केस, बांगड्या आणि गळ्यातले लोंबणारे काहीही लेथपासून दूर ठेवावे. मोटर चालू करण्यापूर्वी लाकूड हाताने एक पूर्ण फेरा फिरवून टूलरेस्टला कुठे लागत नाही ना ते पाहावे, आणि पॉलिशपेपर मारताना टूलरेस्ट पूर्ण काढून ठेवावी.

वेगासाठी एक ढोबळ हिशेब आहे: इंचांतला व्यास गुणिले मिनिटाच्या फेऱ्या हा गुणाकार 6000 ते 9000 च्या दरम्यान असावा. तो 9 इंची तबकडीला 650 ते 1000 फेऱ्या सांगतो, हे ठीकच आहे. परंतु पावणेदोन इंची लाटण्याला तोच हिशेब 3400 च्या पुढे नेतो आणि शिकणाऱ्याने तिकडे फिरकू नये. चौकोनी तुकडा गोल होईपर्यंत हजाराच्या आसपास आणि गोल झाल्यावर दोन हजारांपर्यंत, एवढे तुम्हांला पुष्कळ आहे.

लाकडाबाबत सांगायचे तर सागाच्या मोहात पडू नका. सागात वाळूसारखा सिलिका असतो आणि तो धार फार लवकर खातो. शिवण मिळाले तर उत्तम, कारण ते हलके असते, फारसे वाकत नाही आणि सरळ कापले जाते. आंबा स्वस्त आणि भरपूर मिळतो, पण त्याला कीड लवकर लागते. बाभूळ ओली असताना लोण्यासारखी कातली जाते, वाळली की दगड होते. पावसाळ्यात शहरात फांद्या पडतातच; त्या उचलणाऱ्यांना विचारून दोन-चार ओंडके मिळू शकतात. उभ्या झाडाला मात्र हात लावू नका, कारण महाराष्ट्रात शहरी भागातील झाडांसाठी 1975 चा कायदा आहे आणि परवानगीशिवाय वृक्षतोड करणे हा गुन्हा आहे. आणलेल्या ओंडक्याच्या दोन्ही टोकांना त्याच दिवशी मेण किंवा जुना रंग फासा, नाहीतर आठवड्यात टोकांपासून चिरा पडतात.

शिसवाच्या आणि सागाच्या भुशाची काहींना ॲलर्जी होते. मला शिसवाने मनगटावर पुरळ उठते. पॉलिशपेपर मारताना एन-95 मास्क असू द्यावा.

कुडाळकडचा:

लाटण्याला काय लावावे, या प्रश्नाला आमच्याकडचे उत्तर आहे की काहीही लावू नये. घासून साफ करावे, कोरडे ठेवावे, झाले. शेंगदाण्याचे किंवा इतर खाण्याचे तेल लावले तर ते वाळत नाही, चिकट राहते आणि काही महिन्यांनी खवट वास येतो. काही लावायचेच असेल तर कच्चे जवसाचे तेल अगदी पातळ थरात लावावे आणि पूर्ण वाळायला पुरेसे दिवस द्यावेत. त्या तेलाचे बोळे मात्र गोळा करून टाकू नका. जवसाचे तेल वाळताना उष्णता बाहेर पडते आणि चुरगाळून ठेवलेला बोळा आपोआप पेटू शकतो. तो उघड्यावर पसरून वाळवावा किंवा पाण्यात बुडवून ठेवावा.

लाटण्याचा नाद पुरा झाला की भोवरे करा, आणि त्यांना लाख लावून पाहा. आमच्या सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळे, खेळणी आणि पाट विकायला असतात, त्यांतील कातीव वस्तूंवर लाख चढवण्याची जुनी पद्धत लेथवरचीच आहे. रंग मिसळलेल्या लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबून धरतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडाला धरते आणि मग केवड्याच्या पानाने ती सारखी पसरवून चकाकी आणतात. वेगळा ब्रश नाही, वाळण्याची वाट पाहणे नाही. पूर्वी हे काम दोरीने ओढायच्या हातलेथवर होई. त्यात लाकूड एकदा पुढे आणि एकदा मागे फिरते, म्हणून कातारी एकाच दिशेच्या फेऱ्यात कापत असे आणि परतीच्या फेऱ्यात हत्यार सैल सोडत असे. तुमचा लेथ एकाच दिशेने फिरतो, तेव्हा तुम्ही त्यांच्यापेक्षा सुखी आहात. लाकूड मात्र पूर्ण वाळलेले हवे. ओलसर लाकडावरची लाख पुढे सुटते.

पडवीतली सुतारीण:

सर्वांचे मनापासून आभार. ग्राइंडर आणि पांढरे चाक आणले, फेसशील्डही घेतले. रफिंग गाऊजला शाई लावून चार वेळा घासल्यावर पहिल्यांदा लाकडातून भुशाऐवजी लांब कीस निघाला, आणि आवाजही बदलला. खरखर जाऊन सुरसुर ऐकू येऊ लागली. आतापर्यंत पाच लाटणी झाली आहेत. त्यांपैकी दोन जाऊबाईंनी नेली, उरलेली तीन कोणी घेणार नाही.

स्क्यू चिझल (तिरप्या धारेची पटाशी) मात्र अजून वश होत नाही. त्याने पृष्ठभाग काचेसारखा येतो असे ऐकले होते, पण माझ्याकडून सर्पिल चर पडतो. काय चुकत असावे?

जुना टूलरूमवाला:

काका म्हणून हक्काने सांगतो, स्क्यूने सगळ्यांनाच रडवले आहे, मलाही. तिरप्या धारेची दोन टोके असतात, एक लांब आणि एक आखूड. लाटणे सपाट करताना आखूड टोक खाली ठेवावे आणि कापण्याचे काम धारेच्या मधल्या किंवा त्याच्या किंचित खालच्या भागाने करावे. वरचे लांब टोक लाकडाला शिवले की ते क्षणात आत घुसते, आणि तुमचा सर्पिल चर तोच. लाकडाच्या वरच्या बाजूला उतार टेकवा, कीस नेमका धारेच्या कोणत्या भागातून निघतो याकडे डोळा ठेवा आणि हत्यार सरकवताना हाताने नाही तर कंबरेने सरका. बारीक लाटणे मध्यावर चाबकासारखे थरथरत असेल तर दाब कमी करा, नाहीतर डाव्या हाताची बोटे लाकडाच्या मागे अलगद धरून आधार द्या. हे दुसरे आजच करू नका, महिन्याने करा.

चकाचे पैसे वाचले असतील तर ते तसेच ठेवा. पुढची वस्तू पोळपाट घ्या, कारण त्याला चक लागतच नाही. फेसप्लेट (लेथच्या फिरत्या टोकावर बसणारी धातूची चकती) स्क्रूने लाकडी तबकडीच्या खालच्या बाजूला बसवा. जिथे तीन पाय येणार तिथेच स्क्रू पडतील असे मोजून घेतले, तर भोके पायांखाली झाकली जातात. तबकडी 9 इंचांपेक्षा मोठी घेऊ नका आणि सुरुवात 500 फेऱ्यांवर करा. यावर रफिंग गाऊज मुळीच वापरू नका. तबकडीत तंतू आडवे येतात, हत्यार झटक्याने अडकते आणि त्या गाऊजची दांड्यात बसवलेली शेपटी बारीक असल्यामुळे ती तिथेच मोडते. बाऊल गाऊज लागेल, तेवढे एक हायस्पीड स्टीलचे हत्यार आता घ्यायला हरकत नाही. चक घेण्याची वेळ येईल तेव्हा आधी लेथच्या स्पिंडलचे (ज्यावर चक बसतो त्या फिरत्या कण्याचे) आटे मोजा. छोट्या लेथवर बहुधा 1 इंच व्यासाचे आणि इंचाला 8 आट्यांचे असतात, मोठ्यांवर 33 मिलिमीटरचेही दिसतात, आणि दुकानदार दोन्हींसाठी एकच चक पुढे करतो.